डावा खांदा

तमिळ कॅलेंडरच्या पानावर अग्निनक्षत्र लागल्याची एक बारीक ओळ छापलेली असते. ती डोळ्यांना दिसायच्या आधी माझ्या तळपायांना कळते. वेस्ट मांबलमच्या आमच्या गच्चीवर सकाळी आठला पाय टेकवत नाही. खाली पाण्याची लॉरी येते, प्लास्टिकच्या घागरींची रांग लागते, हिरव्या, पिवळ्या, गुलाबी. बायका एकमेकींवर तोंडसुख घेतात आणि शेजारच्या गच्चीवरून वाळत घातलेल्या तांदळाच्या पापडांचा, हिंगाचा, मिरचीचा वास येतो. इथले लोक या दिवसांना कत्तिरी म्हणतात, म्हणजे कात्री. तीन-साडेतीन आठवडे ऊन नुसतं कापत असतं.

मला ऊन बाधत नाही. आयुष्यभर दिव्यांखाली उभा राहिलोय. पण हे दिवस आले की मी गच्चीवर जायचं टाळतो, आणि टाळतो म्हणूनच मुद्दाम जातो. कुणी म्हणायला नको, म्हातारा घाबरला.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही तमिळ शाळेत. मराठी अक्षर वडिलांनी पाटीवर घोटून घेतलं. तंजावरकडच्या आमच्या माणसांचं मराठी जुनं, पोथीतल्यासारखं. तेव्हा एखादी मात्रा चुकली असेल तर चुकली. लिहितोय ते खरं आहे, आणि कुणाला विचारून लिहीत नाही.

मी सिनेमात डूप होतो, हीरोच्या जागी उभा राहणारा. उड्या मारणारा, काचा फोडणारा नव्हे, ते वेगळे. मी पाठीचा डूप. आमच्या हीरोंचे डबल रोलचे पिक्चर फार चालायचे. हरवलेला भाऊ, जुळा भाऊ, चोर आणि पोलीस, सगळे तेच. दोघं लांब उभे असले तर कॅमेऱ्यावाला अर्धी काच झाकून दोनदा फिल्म चालवायचा. पण भावाने भावाला मिठी मारली की एकाचा चेहरा दिसणार आणि दुसऱ्याची पाठ. ती पाठ माझी. उंची तीच, मान तीच, केसांची ठेवण तीच. खोट एकच होती. माझा डावा खांदा जरा उतरलेला आहे, जन्मापासून. हीरोचे दोन्ही खांदे तागडीसारखे सरळ. त्यामुळे कॅमेरा चालू झाला की मागून ओरडा यायचा, "खांदा वर!" चाळीस वर्षं तो ओरडा ऐकला. मी खांदा वर उचलायचो, हीरोसारखा उभा राहायचो, हीरोसारखा चालायचो. पॅकप झालं की खांदा खाली सोडायचो.

माझा चेहरा एकाही पिक्चरमध्ये नाही. तसा कॅमेऱ्याने पाहिलाय. आमच्या धंद्यात एक रीत आहे. कुणाचं मरण दाखवलं, की कट म्हटल्यावर मेलेला माणूस उठून बसतो आणि कॅमेऱ्यासमोर एकदा हसतो. तेवढी फिल्म चालवतात आणि टाकून देतात. पडद्यावरचं मरण अंगाला लागू नये म्हणून. हीरोच्या वाटचा मी कितीदा मेलो, पालथा पडून, चिखलात, रेतीत. तितक्या वेळा उठून हसलो. ती सगळी हसणी केराच्या टोपलीत गेली. त्याचं मला वाईट वाटलं नाही. कारण मला ओळखणारं एक माणूस होतं.

माझी बायको, अंबुजा. लग्नानंतरच्या पहिल्याच पिक्चरला अंधारात तिने माझा हात दाबला. मी दचकलो, आजूबाजूला माणसं. तर म्हणाली, "आता ते वळून गेले ना जिना चढत, ते तुम्हीं." मी म्हटलं, कशावरून? म्हणाली, "मान." बस. त्या दिवसापासून हा नेम झाला. पडद्यावर माझी पाठ आली की हात दाबायचा. तीन सेकंदांची पाठ असो, नाही तर धुराआडची. एकदाही चुकली नाही. हॉलमधली सगळी माणसं हीरोसाठी शिट्ट्या मारायची, आणि त्या गोंगाटात माझ्या हातावर एक हात दाबला जायचा. आम्हाला मूलबाळ नाही. जे काही होतं ते एवढंच होतं.

मला वाचायला त्रास पडतो, म्हणून दुपारी अंबुजा तमिळ साप्ताहिकातल्या गोष्टी वाचून दाखवायची. खाली चटई, वर कुरकुरणारा पंखा, मांडीवर मोगऱ्याच्या कळ्या, आणि गजरा ओवता ओवता वाचन. एका वर्षी एक मालिका होती. एक शास्त्रज्ञ मरताना स्वतःच्या सगळ्या आठवणी यंत्रात भरून ठेवतो आणि यंत्र घरच्यांशी त्याच्या आवाजात बोलायला लागतं. घरची माणसं रडतात, हाच तो म्हणतात. अंबुजाने वाचता वाचता मान वर केली.

"यांचं सगळं यंत्रात गेलं म्हणतात. मग मोगऱ्याच्या वासाने यंत्राचं डोकं दुखेल का, तुमचं दुखतं तसं?"

"यंत्राला डोकं कुठलं?"

"मग हा तो नव्हे," ती म्हणाली आणि साप्ताहिक मिटून टाकलं. पुढचे भाग तिने वाचलेच नाहीत. गोष्ट लिहिणाऱ्याला जे दहा आठवडे सुटलं नाही, ते हिने एका ओळीत निकालात काढलं.

मी अशा गोष्टी पडद्यावर पुष्कळ पाहिल्या, काहींत उभाही राहिलो. आधी जादूगार हीरोचं रूप घ्यायचा, मग चेहरा बदलणारा डॉक्टर आला, मग लोखंडी माणूस. भीती जुनीच. कुणीतरी माझा चेहरा लावून माझ्या घरात शिरेल आणि घरचे त्याला जेवायला वाढतील. लहानपणी कीर्तनात ऐकलं होतं, देव माणसाचं रूप घेतात तेव्हा त्यांना घाम येत नाही. घाम येतो तो खरा माणूस. सिनेमावाल्यांनी देव काढून यंत्र बसवलं, बाकी कीर्तन तेच ठेवलं. मला हसू यायचं. चेहरा चोरीला जाण्याची भीती ज्याला चेहरा आहे त्याला. माझ्या चेहऱ्याला कोण हात लावणार होतं?

मग ती कत्तिरी आली.

अंबुजाला तेव्हा दम लागायला लागला होता. दोन जिने चढली की पायरीवर बसायची. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हृदय थकलंय, जपा. माझं काम तोवर सुटल्यातच जमा होतं. हीरोंचं वय वाढत नव्हतं, माझं वाढत होतं. पाठ वाकायला लागलेली. शिवाय कॉम्प्युटर आला होता. एकाच माणसाला दोनदा घेऊन ते जोडून टाकायचे, शिवणसुद्धा दिसायची नाही. अशात निरोप आला, एक पिक्चर आहे, येता का? मी नाहीच म्हणणार होतो. अंबुजा तांदूळ चाळत होती. तिने वर न बघता म्हटलं, "जा. एकदा अजून बघायचंय मला तुम्हाला."

तिने आयुष्यात फार मागितलं नाही. हे मागितलं. मी गेलो.

पिक्चरची गोष्ट अशी. गाड्यांच्या कारखान्याचा मालक कामगारांच्या जागी लोखंडी माणसं आणतो. त्यांना चेहरे नाहीत, पत्र्याचे मुखवटे. हीरो तिथला फिटर. तो भांडतो म्हणून मालक त्यालाही पत्र्यात कोंडून यंत्रांत मिसळून टाकतो. शेवटी पाळी सुटते, गेटातून सगळी यंत्रं बाहेर पडतात, हीरोची बायको गेटाशी उभी असते आणि नवऱ्याला ओळखते, कारण एका पत्र्याखालून घाम गळत असतो. पुन्हा कीर्तन.

शूटिंग शहराबाहेर, इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यांकडे, एका बंद पडलेल्या शेडमध्ये. वर पत्रा, बाजूला हिरवं कापड ताणलेलं, आत भट्टी. मला गोदामाचं दार उघडून आत जायचं होतं, पाठमोरा. खांदा वर. चार वेळा दार उघडलं, पाचव्याला ओके. मी खूश. त्याच दिवशी बाहेर गेटाचा शॉट घेतला. मी सावलीत ताक पीत बघत होतो. रिकाम्या गेटावर, रिकाम्या रस्त्यावर त्यांनी कॅमेरा चालवला. एक चिटपाखरू नाही. मी दिवेवाल्याला म्हटलं, "माणसं कुठंयत?" इथल्या रीतीने मला आजोबा म्हणत तो म्हणाला, "तात्ता, माणसं नंतर कॉम्प्युटर घालणार." पलीकडे खऱ्या कारखान्यांची पाळी सुटली होती. खरी माणसं डबे हलवत बसकडे चालली होती. कुणी त्यांच्याकडे कॅमेरा वळवला नाही.

दोन दिवसांनी मला वडपळनीच्या एका ऑफिसात बोलावलं. आत इतका गारठा की दात वाजले. मृणाल नावाची मुलगी होती, सांगलीची, कॉम्प्युटरवर काम करणारी. मराठी ऐकून मी सुखावलो. तीही.

"आजोबा, तुमचं मराठी ऐकून माझे पणजोबा बोलतायत असं वाटतं!"

"तुझ्या पणजोबांना पगार किती होता विचार. मला ह्या फ्रिजमध्ये कशाला घातलंय?"

तिने मला अंगाला चिकटणारा काळा पोशाख दिला. त्यावर सांध्यासांध्यांवर पांढऱ्या गोळ्या. चारी बाजूंनी लाल डोळ्यांचे लहान लहान दिवे. कॅमेरा म्हणावा असा कॅमेरा नाही, रोलिंग नाही, क्लॅप नाही, दृष्ट काढायला कुणी कोहळा फोडला नाही. मी समजलो, शिंप्यासारखं माप घेतायत.

"आता नुसतं चाला, आजोबा. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"कुणासारखं चालू?"

"कुणासारखं म्हणजे? तुमच्यासारखं. दिवसभर काम करून घरी जाताना चालता तसं."

चाळीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी खांदा खाली सोडला. मग चाललो. मागून कुणी ओरडलं नाही. दहा फेऱ्या मारल्या, वीस मारल्या. शेवटी ती म्हणाली, आता यंत्र बंद पडल्यासारखे कोसळा. मी कोसळलो. उठून बसलो आणि वाट बघत राहिलो.

"झालं, आजोबा. उठा."

"हसणं घ्या."

"कसलं?"

मी रीत सांगितली. तिने मन लावून ऐकली आणि जरा ओशाळून म्हणाली, "हसा ना. पण आमच्या या मशीनला चेहरा दिसत नाही. फक्त गोळ्या दिसतात."

"मरण दिसलं आणि हसणं दिसत नाही?"

"मेलं ते यंत्र मेलं ना, आजोबा. तुम्ही कुठे?"

मी हटून बसलो. हसणं घेतल्याशिवाय उठणार नाही. तीन पोरं खुर्च्या सोडून बघायला आली. बिचारीने स्वतःचा मोबाईल काढला, त्यात बारका कॅमेरा होता, आणि म्हणाली, हं, हसा. मी हसलो. मनात म्हटलं, हे काही काम नव्हे, हा पोरखेळ. ज्याला क्लॅप नाही, ज्याला हसणं नाही, तो शॉट नाही. घरी येऊन मी अंबुजाला शेडमधलं दार सांगितलं, गोळ्यांचं सांगितलंच नाही. शिंप्याकडचं काय सांगायचं?

"मध्यंतरानंतर," मी तिला सांगितलं, "हीरो गोदामाचं दार उघडून आत जातो. लक्ष ठेव."

पुढच्या कत्तिरीत पिक्चर लागला. दुपारचा खेळ. अंबुजाने तांबड्या काठाची कांजीवरम नेसली, गजरा माळला आणि जिने उतरताना तीनदा बसली. पाऊण थिएटर रिकामं. मध्यंतर झालं. मी तिच्या हाताजवळ हात ठेवला. गोदाम आलं. हीरो दाराशी गेला. ती पुढे झुकून बघत होती.

दार उघडलं. ती पाठ माझी नव्हती.

मला बघताक्षणी कळलं. ती पाठ पंचवीस वर्षांच्या पोराची होती, सरळ, गुळगुळीत, मानेवर एक सुरकुती नाही. मला कापून त्यांनी तिथे कॉम्प्युटरने तरणी पाठ बसवली होती. अंबुजाचा हात हलला नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मी पडद्याकडे बघत राहिलो. गोष्टीतल्या मालकाने हीरोचा चेहरा पत्र्याआड कोंडला म्हणून हॉलमधल्या चार बायका डोळे पुसत होत्या. माझी पाठ गेली ते कुणाला दिसणार होतं? माझ्या अंगभर राग भरला. राग दुसऱ्यांचा, पण शेजारी बसलेलं माणूस एकच होतं.

शेवट आला. गेट उघडलं. ज्या रिकाम्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, त्यावरून पत्र्याची माणसं चालत येऊ लागली. रांगामागून रांगा. अजून घाम दिसायचा होता, अजून हीरोची बायको पुढे धावायची होती, आणि माझ्या हातावर हात दाबला गेला. जोरात, पूर्वीसारखा.

"काय गं?"

"तुम्हीं."

"कुठे?"

"हे काय. हे सगळे." तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "अगंबाई, केवढे तुम्हीं!"

"वेडी का तू? ते कॉम्प्युटरने काढलेले आहेत."

"असूं देत काढलेले. तुम्हींच आहात."

"तिथे मी ताक पीत बसलो होतो, माझ्या डोळ्यांसमोर रिकाम्या रस्त्याचा शॉट घेतलाय. चाळीस वर्षं ह्या धंद्यात मी घालवली की तू? तो मी नाही."

पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून पाहिलं. अंबुजाने हात काढून घेतला आणि पदराच्या आत ठेवला. जरा वेळाने म्हणाली, "असेल. डोळे गेले माझे." घराच्या पायऱ्यांवर बसून श्वास घेताना म्हणाली, "पुरे आता सिनेमा." मला वाटलं, दमलीय.

तिच्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तांदळातला खडा तिने पहिल्या नजरेत काढला. तेही मी पाहिलं आणि गप्प बसलो. एक शब्द बोलायला काय जात होतं? नुसतं, असेन बाई मीच, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मला वाटायचं, खोटं कशाला बोलायचं? खऱ्याचा मला फार अभिमान.

आषाढात ती गेली. मोठं दुखणं नाही, पडून राहणं नाही. सकाळी कॉफीचा दवरा, ती पितळी वाटी, हातात घेतला आणि तसाच राहिला.

दिवाळीच्या सुमारास मृणाल भेटायला आली. तिचं ऑफिस बंद पडलं होतं, ती सांगलीला परत निघाली होती. अंबुजाचं तिला इथे आल्यावरच कळलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, "आज्जींनी पिक्चर पाहिला होता ना? गेटाचा सीन कसा वाटला त्यांना? सगळेच्या सगळे तुम्ही!"

मी म्हटलं, "काय?"

"ते गेटातून येणारे, आजोबा. तुमचं चालणं घेतलं होतं ना आपण. तेच सगळ्यांना दिलं. एकाला जरा हळू, एकाला जरा पुढे, पण चालणं तुमचंच. तो डावा खांदा उतरतो तुमचा, तो आम्ही सरळ करणार होतो. डायरेक्टर म्हणाले, राहू दे, थकलेले कामगार वाटतात."

मी तिला कॉफी दिली. पुढे ती काय बोलली ते मला आठवत नाही.

मग मी हिशेब लावत बसलो, दिवसचे दिवस. जन्मभर पडद्यावर जो चालला तो मी नव्हतो. तो हीरोची नक्कल करणारा, खांदा उचललेला कुणीतरी होता. त्यातही ती मला मानेवरून शोधून काढायची. आणि जिथे कुणी ओरडलं नाही, जिथे मी माझ्यासारखा चाललो, तो एकच शॉट, तो पत्र्यात घातलेला. यंत्र माणसाचं माणूसपण काढून घेतं असं तो पिक्चर ओरडून सांगत होता, आणि त्याच यंत्राने माझं चालणं जसंच्या तसं ठेवलं होतं. गोष्टीतल्या बायकोला नवरा ओळखायला घाम लागला. अंबुजाला तोही लागला नाही. गोष्ट लिहिणाऱ्यांना वाटतं, अवघड काय ते बायकोने ओळखण्यात. ओळखल्यावर नवऱ्याने हो म्हणायचं असतं, हे कुणी लिहिलं नाही.

गेल्या आठवड्यात, हे ऊन लागल्यावर, मी जॉर्ज टाउनला गेलो. फुटपाथवर जुन्या सीड्या विकतात, तिथे दोन तास उन्हात उभा राहून तो पिक्चर शोधला. विकणारा अदबीने म्हणाला, "पेरियवरे, हा पडलेला पिक्चर, कुणी बघत नाही." मी म्हटलं, तू दे. खालच्या मजल्यावरच्या मुलीने तिच्या कॉम्प्युटरवर लावून दिला. मी तिला म्हटलं, शेवटाला ने.

गेट उघडलं. पत्र्याची माणसं येऊ लागली. मी खुर्ची पुढे ओढली, चष्मा पुसला. परत लाव म्हटलं. तिने परत लावला, पाच वेळा, सहा वेळा. डावा खांदा उतरलेला दिसतो खरा. पण तेवढंच. पाय टाकायची तऱ्हा, हात हलायची तऱ्हा, मानेचा तो झोक, ते कुणाचं, मला सांगता येईना. कुणीतरी दमून घरी चाललंय एवढं दिसत होतं. त्या मुलीने विचारलं, "तात्ता, यात तुम्ही कुठले?"

मी माझं चालणं कधी पाहिलेलं नाही. हीरोचं पाहिलं, शिकलो, जन्मभर चाललो. माझं ते अंबुजाने पाहिलं. रोज संध्याकाळी मी स्टेशनकडून येत असलो की ती मला लांबूनच बघायची आणि मी दारात पोचेपर्यंत पाणी भरून ठेवायची. त्याची साक्ष देणारं दुसरं कुणी नाही, मीसुद्धा नाही. आणि त्या साक्षीदाराला मी भर थिएटरात म्हणालो होतो, तो मी नाही.

मला काय ठाऊक होतं?